माझ्या डोक्यावरनं बघ

मामा, तुझा दहावा उरकला आणि दुसऱ्याच दिवशी मी जुन्नरला जाऊन आले. एकटी. घरात सांगितलं, बाजाराला जाते. त्या फोटोंच्या संग्रहालयात गेले होते, जिथं तू मला न्यायला टपला होतास आणि मी यायला तयार नव्हते. आल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. चहा ठेवते तो उतू जातो. टोमॅटो निवडायला बायका आल्यात, त्यांच्यात जाऊन बसते, एक क्रेट भरला की उठून घरात येते, भिंतीवरच्या आईकडं बघते, परत बाहेर जाते. बायका एकमेकींना खुणा करतात. त्यांना वाटतं, मामा गेला म्हणून हिचं असं झालंय. ते तर आहेच. पण तू भांडण अर्धवट टाकून गेलास, त्याचा त्रास जास्त होतोय.

दहाव्याला घाटावर भाषणं झाली. तालुक्यात असं एक लग्न नाही जिथं तुझा कॅमेरा पोचला नाही, वगैरे. माईक हातात आला की माणसं कशी बोलतात तुला माहीतच आहे. आणि तुझा फ्लेक्स लावला होता. मागं निळंशार आभाळ, खाली पाणी, पाण्यात दोन राजहंस, आणि मधोमध तू, गाल गोरे करून टाकलेले. उजेड डावीकडून आणि सावलीही डावीकडंच. तू असतास तर म्हणाला असतास, "ह्या पोरांना उजेड कळत न्हाई राव." मला हसू आलं आणि मामीनं माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडाला लावला. मग त्या पदराआड खरंच रडले.

आता भांडणाचं बोलू. तू गेलास म्हणून मी ते सोडून देणार नाही.

माझ्याकडं आईचे दोनच फोटो आहेत आणि दोन्ही तूच काढलेले. पहिला तिच्या लग्नातला. तू तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा, कुणाचा तरी कॅमेरा मागून आणलेला. नवरीनं मान वर करायची नाही अशी रीत, आणि तू समोर उभा राहून ओरडत होतास, "आक्का, वर बघ की." बायकांनी तुला हाकलून लावलं. आक्कानं काही वर बघितलं नाही. मुंडावळ्या, नथ, आणि खाली झुकलेल्या दोन पापण्या, एवढंच त्या फोटोत आलं. तो माझ्या ट्रंकेत असतो.

दुसरा, भिंतीवरचा. तो काढला तेव्हा ती गेलेली होती. आळे गावच्या आमच्या घराच्या ओट्यावर लोखंडी खुर्चीत बसवली होती तिला, हिरवं लुगडं नेसवून, पाठीमागून दोरी बांधून. तेव्हा सगळीकडं असंच करायचे. माणूस जिवंत असेपर्यंत फोटोचं कुणाच्या मनातही यायचं नाही, आणि गेल्यावर नारायणगावला माणूस पळायचा, फोटोवाल्याला आणा म्हणून. तुझ्या स्टुडिओची निम्मी कमाई मयतावर, असं मामी चिडून म्हणायची. आईच्या वेळी तुला कुणी बोलवायची गरज पडली नाही. तू भाऊ म्हणून आलास आणि कॅमेरा घेऊनच आलास. मग घरी नेऊन तिचा मळवट पुसलास, बारीक कुंकू ठेवलंस, दोरी घालवलीस, आणि पेन्सिलीनं डोळे उघडलेस. हे तू मला मी मोठी झाल्यावर सांगितलंस. मला त्याचं काहीच वाटलं नाही. तू भाऊ होतास, तिच्या पाठोपाठ वाढलास, तुला तिचे डोळे पाठ असणारच, असं मी धरून चालले.

तो फोटो म्हणजेच माझी आई. मला ती अजिबात आठवत नाही, तुला माहीत आहे. तिचा आवाज नाही, हात नाही. फोटोतली ती थोडं वर बघते. समोर उभं राहिलं तर ती आपल्या डोक्यावरून पलीकडं बघते. आत्या म्हणायची, "देवाकडं बघतीया." मला देवाचा राग यायचा. मी धान्याच्या कोठीवर चढायचे, कारण कोठीवर उभं राहिलं की ती बरोबर माझ्याकडं बघायची. अभ्याससुद्धा वर बसून करायचे. लग्न होऊन खोडदला आले तर फोटो बरोबर आणला, आणि तू भिंतीवर लावताना खिडकीतून शेतापलीकडच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींच्या अँटेना बघत म्हणालास, "ह्या बी आक्कासारख्याच, वर तोंड करून बसल्यात." किती हसलो होतो आपण.

आणि सगळे मला म्हणायचे, पोरीनं अगदी आईचे डोळे घेतलेत. मी त्या वाक्यावर वाढले, मामा. पाहुणा आला की मी त्याला फोटोपुढं उभं करायचे, त्यानं ते म्हणावं म्हणून. फक्त आत्या म्हणायची नाही. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या आयचं डोळं बारीक व्हतं गं. हसली की मिटूनच जायचं." मी आत्याला खोटारडी म्हटलं. फोटोकडं बोट दाखवून म्हटलं, बघ, केवढे मोठे आहेत. ती बिचारी पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही.

एवढी सगळी माझी इस्टेट त्या एका चौकटीत असताना, गेल्या वर्षी तू येऊन म्हणालास, सुमे, आक्काचा फोटो जुन्नरच्या म्युझियमला द्यायचा.

तुझा जुना स्टँडचा कॅमेरा दिलास, दिवे दिलेस, रंगवलेला पडदा दिलास, तुझी वस्तू होती, तू दिलीस. पण माझी आई? लोक तिकीट काढून माझ्या आईला बघणार, सहलीची पोरं खिदळत पुढं जाणार? मी म्हटलं, आई भिंतीवरून हलणार नाही. तू म्हणालास, "फोटो मी काढलाय." मी म्हटलं, आई माझी आहे. तू म्हणालास, "भन माझी व्हती." मग दोघांनीही डोक्यात राख घालून घेतली. यांनी मध्ये पडून बघितलं, तर तू त्यांनाही झटकलंस. चपला घालता घालता म्हणालास, "त्यो फोटो तुझ्याकडं अर्धाच हाय." मला वाटलं, म्हातारा आता काहीच्या बाही बोलायला लागला. चहा तसाच राहिला. पुढं कितीतरी दिवस तू आला नाहीस आणि मीही फोन केला नाही.

मंचरच्या दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तू निम्मा उरला होतास. द्राक्षांचं विचारलंस, यांची पाठ कशी आहे विचारलंस. मग म्हणालास, "जुन्नरला जाऊन ये एकदा." मी तुझं पांघरूण नीट करत म्हटलं, बरा हो आधी, मग मिळून जाऊ. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलास. आता वाटतं, कंटाळला असशील माझ्या हट्टाला. मी चुकले असं मी अजूनही म्हणत नाही. पण नीट बोलला असतास तर काय बिघडलं असतं? लोकांच्या मयताला तू तासन् तास बोलायचास, आणि माझ्यापुढं तुझ्या तोंडाला कुलूप.

तर गेले. नारायणगावच्या स्टँडवर जीप लवकर भरेना, माझा पाय एका जागी ठरेना. तुझ्या स्टुडिओचं शटर बंद होतं, त्याच्यापुढं पोहेवाल्याची गाडी उभी होती. तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

जुन्नरची ती इमारत तर माझ्या ओळखीची निघाली. दगडी, लाकडी खांबांची, पूर्वी तिथं जमिनीच्या नकला मिळायच्या. मी आणि हे त्या व्हरांड्यातल्या बाकावर किती सकाळी बसलोय, साहेब यायची वाट बघत. आता खांबांना पॉलिश केलंय, कबुतरांना जाळी मारलीय, आणि जिथं नकलांसाठी रांग लागायची तिथं तिकिटाची खिडकी केलीय. खिडकीत मयूरी नावाची मुलगी बसते. तिकीटही तीच देते, माहितीही तीच सांगते. मी कोण हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, आधी बघून घेऊ, यानं माझ्या परस्पर काय काय देऊन ठेवलंय.

आत तुझा कॅमेरा होता, काळ्या कापडासकट. रंगवलेला पडदाही होता, तळं आणि जिना असलेला. त्याच्यापुढं एक जोडपं मोबाईलनं स्वतःचे फोटो काढत होतं. तुला आवडलं असतं. मी भराभर पुढं गेले, परत मागं आले, परत पुढं. मयूरी म्हणाली, "मावशी, सावकाश बघा, काही घाई नाही." तिला काय सांगू, की मी बघायला आलेच नव्हते, शोधायला आले होते. तू माझ्याकडून न घेताच आईची निगेटिव्ह तिथं लावली असशील अशी मला धास्ती होती. ती कुठंच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला आणि मी निघाले.

निघताना दाराजवळच्या भिंतीवर आई दिसली.

म्हणजे तिचे डोळे दिसले. "हे तर आईचे डोळे," मी मोठ्यानं म्हणाले. ते जोडपं वळून बघायला लागलं. मग डोळ्यांखालचं नाक दिसलं, ते आईचं नव्हतं. कानावर बांधलेली रिबीन दिसली. फ्रॉकची उसवलेली कॉलर दिसली. एक लहान मुलगी होती ती, मान वर करून बघणारी. आणि तिच्या डोळ्यांवर, फक्त डोळ्यांवर, पेन्सिलीनं बारीक चौकटी आखलेल्या. खाली पट्टी होती, "रिटचिंगसाठी चौकटी आखलेला फोटो. मुलगी, आळे."

त्या चौकटी मला तू शिकवल्या होत्यास. शाळेत पोपट काढायचा होता आणि मला जमेना, तर तू चित्रावर चौकटी आखल्यास, कोऱ्या कागदावर तेवढ्याच आखल्यास, आणि म्हणालास, एकेका घरात जे दिसतंय तेवढंच उतरव, पोपटाचा इचारच करू नको. पोपट झकास झाला होता. सुट्टीत तुझ्या स्टुडिओत बसून मी आणखी एक गोष्ट बघायचे. मयताचा फोटो करून घ्यायला लोक यायचे आणि तू विचारायचास, "रक्ताचं कोन हाय? त्येला घेऊन या. मिटल्यालं डोळं घरातल्याच कुनाच्या तरी तोंडावर सापडत्यात." मग बापासाठी पोरगा यायचा, बहिणीसाठी बहीण. तू त्यांना स्टुलावर बसवायचास आणि त्यांच्या डोळ्यांचा फोटो घ्यायचास. मी हे शंभरदा बघितलं. आणि एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही, की माझ्या आईच्या वेळी तू कुणाला बसवलं असशील.

आणि मग ते आठवलं. आठवलं कसलं, ते होतंच. त्या वयातलं माझ्याजवळ एवढं एकच आहे. तू माझ्यापुढं उकिडवा बसलायस, तुझं तोंड कॅमेऱ्यामागं आहे, आणि तू म्हणतोयस, "माझ्याकडं नको बघू, बाळा. माझ्या डोक्यावरनं बघ." मी तुला कितीदा विचारलं, मामा, हे कुठलं रे? जत्रेतलं का? तू दरवेळी म्हणायचास, असंल जत्रेतलं, आणि दुसरंच काही काढायचास. ती जत्रा नव्हती. तुझ्या मागं ओटा होता. ओट्यावर खुर्ची होती.

तू आक्काकडं पाठ करून बसला होतास. बहिणीचे डोळे आता कुठून आणायचे हे तुला तिथंच, त्याच वेळी सुचलं, की तुझे हात आपोआप नेहमीचं काम करत होते? तू स्वतः रक्ताचा होतास. आरशात बघून स्वतःचे काढले असतेस. मी हे परत येताना जीपमध्ये तुला विचारत होते, शेजारचा माणूस सरकून बसला. मग माझं मलाच कळलं. तुझे डोळे त्या दिवशी रडून सुजले असणार. त्या घरात न रडलेले डोळे एकट्या माझेच होते, कारण मला काही समजलंच नव्हतं.

म्हणजे मी आईचे डोळे घेतले नाहीत. आईनं माझे घेतले. तिचे बारीक होते, हसली की मिटायचे, आणि ते मला सांगणाऱ्या आत्याला मी खोटारडी म्हटलं.

मला तुझा एवढा राग आला, मामा. माझ्याकडं आईचं म्हणून एक होतं, तेही माझंच निघालं. तिथं संग्रहालयात मी त्या भिंतीपुढंच फरशीवर बसले होते. मयूरीनं खुर्ची आणली, पाणी आणलं. म्हणाली, "हा फोटो बघून बरेच जण थांबतात. ज्या काकांनी दिला ना, ते नुकतेच वारले." मी मान हलवली. मग ती म्हणाली, "ह्याच्या वर अजून एक फोटो यायचाय. तो खिळा दिसतोय ना, काकांनी स्वतः शिडीवर चढून मारलाय. आम्ही म्हटलं शेजारी लावू, वर लोकांना नीट दिसत नाही, तर रागावले. म्हणाले, वरच पायजे, पोर तिकडं बघतीया."

मी वर बघितलं. भिंतीवर नुसता खिळा.

"त्यांची भाची घेऊन येणार आहे म्हणाले होते," मयूरी म्हणाली. "तुम्ही तिकडच्याच ना? ओळखता का भाचीला?"

"ओळखते," मी म्हटलं. "लई हट्टी आहे."

घरी येऊन स्टूल घेतलं आणि भिंतीवरच्या आईच्या समोरासमोर उभी राहिले. आडव्या अंगठ्यानं तिचे दोन्ही डोळे झाकले. राहिलं ते कपाळ, नाक, बंद ओठ, हनुवटीवरचा तीळ. तेवढी ती. कितीतरी वेळ तशीच उभी होते. मग अंगठा काढला आणि ती नजर पुन्हा बघितली, आयुष्यभर बघितलेली, वर लागलेली. मी कोठीवर चढून जिच्या टप्प्यात यायला बघायचे ती. ती देवाकडं नव्हती लागलेली, आत्याला सांगायला हवं होतं. ओट्याखाली उभी राहून मी आईकडं शेवटचं जे बघितलं, तेच बघणं तू उचललंस आणि तिच्या चेहऱ्यावर ठेवलंस. मला ती आठवत नाही असं मी जगाला सांगत आले. मी तिला बघितलं होतं, मामा, डोळे भरून बघितलं होतं, आणि तू ते जपून ठेवलं होतंस.

हे तुला तोंडानं सांगता आलं नाही. म्हणून तू खिळा मारलास.

तू जिंकलास असं समजू नकोस. फोटो तुझा, भन तुझी, हे मला अजूनही मान्य नाही, आणि तिकीट काढून आईला बघायचं हेही पटत नाही. मयूरीला मी सांगणार आहे, पट्टीवर "मुलगी, आळे" चालायचं नाही, नाव घाला, तिचंही आणि माझंही. इथं भिंतीवर मी लग्नातली आई लावणार आहे, खाली बघणारी. डोळे दिसत नाहीत तर न दिसोत, पापण्या तिच्या स्वतःच्या आहेत.

भिंतीवरची आई आज उतरवलीय. जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेवर ठेवलीय. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा दिसतो, मी त्याच्याकडं बघायचं टाळते. तरी रात्री झोप लागत नाही, आणि डोळे मिटले की ती उसवलेल्या कॉलरची पोर दिसते, दाराजवळ उभी, मान वर करून. तू गेलास, आत्या गेली, आणि ती अजून नुसत्या खिळ्याकडं बघत उभी आहे. तिला आणखी किती थांबवू? उद्या पहिल्या जीपनं आईला घेऊन जाते.